सांगलीतल्या छोट्या धंद्यासाठी: हिशेबाची वही आणि आयकराची वजावट

जुलै उजाडला की कर सल्लागारांच्या टेबलावर पिशव्या येऊ लागतात. आत चुरगळलेली बिलं, दोन-तीन पासबुकं, एखादी रबर लावलेली उधारीची डायरी आणि तोंडी एकच मागणी, "यातनं काय वजा करता येतंय बघा." तोवर मार्च संपून तीन महिने झालेले असतात. जे लिहिलंच नाही ते वजा कशातून करायचं?

पगारदाराचं बरं असतं, त्याला कंपनी फॉर्म १६, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, देते. भडंगवाला, टेलर, कुपवाड एमआयडीसीत दोन लेथ टाकून जॉबवर्क करणारा, मार्केट यार्डात हळदीचा छोटा व्यापार करणारा, यांचा फॉर्म १६ त्यांनी स्वतःच वर्षभर लिहायचा असतो. विमा, पीपीएफ ही वजावट पुढची गोष्ट. धंदेवाल्याची खरी वजावट धंद्याच्या खर्चात असते. नव्याने सुरू करणाऱ्याने काय काय, कोणत्या क्रमाने करावं, ते इथे लिहितोय.

आधी खातं वेगळं करा

धंद्याच्या नावाने चालू खातं उघडा. बँक शॉप ॲक्टचा कागद आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मागते. दोन्ही ऑनलाइन होतात. वीसपेक्षा कमी कामगार असले तर शॉप ॲक्टसाठी नुसती माहिती कळवून पावती घ्यायची असते. उद्यम नोंदणीला सरकार एक रुपयाही घेत नाही, त्यामुळे "उद्यम काढून देतो, हजार रुपये" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

मग दुकानातला क्यूआर या खात्याला जोडा. घरच्या बचत खात्याचा क्यूआर काउंटरवर चिकटवलेला असतो, हे मला जवळपास प्रत्येक नव्या दुकानात दिसतं. त्याच खात्यात मेहुण्याने परत केलेले उसने पैसे, मुलीच्या कॉलेजची शिष्यवृत्ती आणि भडंगाचे चाळीस रुपये एकत्र पडतात. पुढे कोणी विचारलं, की यातली विक्री किती, तर बाराशे नोंदी एकेक करून निवडाव्या लागतात. बायकोच्या किंवा वडिलांच्या खात्यावर विक्रीचे पैसे घेणं तर त्याहून वाईट. उत्पन्न तुमचं आणि माहिती त्यांच्या पॅनवर, असा घोळ होतो.

बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा त्याहून जास्त रोकड भरली, तर बँक ते आयकर खात्याला कळवते. चालू खात्याला ही मर्यादा पन्नास लाख आहे. आयकर पोर्टलवर तुमच्या नावाचं वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, उघडून बघा. बँकेचं व्याज, मुदत ठेवी, टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर), मोठी रोकड, सगळं तिथे आधीच असतं. विवरणपत्र, म्हणजे आयकराचं रिटर्न, त्याच्याशी जुळायला हवं.

रोजमेळ: दिवसाला दहा मिनिटं

सॉफ्टवेअर नंतर घ्या. पहिले सहा महिने साधी लांब वही पुरते. तारीख, सुरुवातीचा गल्ला, आलेली रोकड, गेलेली रोकड, शेवटचा गल्ला. भडंगाच्या एका दुकानाचा दिवस असा दिसेल:

सकाळचा गल्ला ३,२००. रोख विक्री ४,१५०. जुन्या उधारीचे रोख आले ९००. एकूण ८,२५०. चुरमुऱ्याची पोती २,६००, बिल आहे. टेंपो आणि हमाली ३५०, व्हाउचर केलं. घरी नेले १,५००. शिल्लक ३,८०० यायला हवी. मोजली तर ३,७६०. चाळीस रुपये कमी, तसंच लिहिलं. खाली वेगळ्या ओळीत: क्यूआरवर विक्री ६,४८०, खात्यात जमा.

यात दोन नोंदी महत्त्वाच्या आहेत. एक, "घरी नेले १,५००". ही मालकाची उचल, खर्च नाही. एकट्या मालकीच्या धंद्यात मालकाला पगार नसतो. घरासाठी काढलेला पैसा हा आपलाच नफा आपण उचललेला. तो खर्चात घातला की नफा खोटा कमी दिसतो, आणि लिहिलाच नाही तर गल्ला जुळत नाही. दुसरी नोंद चाळीस रुपयांची. फरक लपवून रोज बरोबर जुळणारी वही अनुभवी माणसाला लगेच खटकते.

वर्षअखेरीला बसून एका रात्रीत लिहिलेल्या वहीत हमखास एक गोष्ट सापडते: मधेच एखाद्या दिवशी गल्ला उणे जातो. हातात अठराशे आणि दिले पाच हजार. कुठून दिले, याला उत्तर नसतं. रोज लिहिणाऱ्याच्या वहीत हे होऊच शकत नाही.

आपल्याकडे दिवाळीला वहीपूजन होतं, ते जरूर करा. पण आयकराचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नवी वही एप्रिलला सुरू करायची.

बिलं जपायची रीत

दर महिन्याला एक पाकीट. वर महिना लिहायचा, आत खरेदी आणि खर्चाची बिलं तारखेने. पेट्रोल पंप आणि मॉलची छापील पावती थर्मल कागदावर असते, सहा महिन्यांत पांढरी पडते. तिचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा. हमाली, रिक्षा, दुकानाची सफाई, कारागिराचा चहा यांना बिल मिळत नाही. त्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात कॅश व्हाउचरचं पुस्तक मिळतं. कोणाला, कशाला, किती, तारीख आणि घेणाऱ्याची सही. एवढं पुरतं.

विक्रीलाही बिलबुक ठेवा, क्रमांक सलग असू द्या. फाटलेलं किंवा रद्द केलेलं पान तसंच पुस्तकात राहू द्यायचं, वर "रद्द" लिहून.

खर्च कोणता धरता येतो

धंद्यासाठीच केलेला आणि पुरावा असलेला खर्च वजा होतो. दुकानभाडं, वीज, कामगारांचा पगार, मालखरेदी, पॅकिंग, दुरुस्ती, दुकानाचा आणि मालाचा विमा, बँकेचे चार्जेस, जाहिरात, हिशेबनिसाची फी, व्यवसाय कर, हे सगळं सरळ आहे. पुढचे मुद्दे मात्र लोक हमखास चुकतात.

कर्जाचा हप्ता पूर्ण खर्च नसतो. हप्त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असतात, वजा फक्त व्याज होतं. मार्चनंतर बँकेकडून व्याजाचा दाखला मागून घ्या.

मशीन घेतलं तर त्याची किंमत त्याच वर्षी खर्चात जात नाही, घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी किमतीचा काही भाग, मिळतो. यंत्राला १५ टक्के, फर्निचरला १० टक्के, संगणकाला ४० टक्के, दरवर्षी उरलेल्या किमतीवर. समजा कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये १२ लाखांचं मशीन मे महिन्यात आलं आणि लगेच चालू झालं. पहिल्या वर्षी घसारा १ लाख ८० हजार. तेच डिसेंबरात आलं, तर त्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला, म्हणून निम्मा, ९० हजार. म्हणजे मशीन कोणत्या महिन्यात घ्यायचं, याला कराच्या बाजूनेही अर्थ आहे.

दुचाकी आणि मोबाइल घरी आणि दुकानात दोन्हीकडे चालतो. तिथे वाजवी वाटा धरायचा आणि दरवर्षी तोच धरायचा. घराच्या एका खोलीत शिलाईचं काम चालत असेल, तर विजेच्या बिलाचंही तसंच.

बायको किंवा भाऊ दुकानात खरोखर काम करत असतील, तर त्यांना पगार देता येतो. पण बाजारात त्या कामाला जितका मिळतो तितकाच, आणि शक्यतो बँकेतून. नुसता कागदावरचा पगार पहिल्या चौकशीत पडतो. दुकानाचा गाळा वडिलांच्या नावावर असेल, तर त्यांना करार करून भाडं देता येतं. ते त्यांच्या उत्पन्नात दाखवावं लागतं, हे विसरू नका.

बुडालेली उधारी वजा होते, पण ती आधी विक्रीत धरलेली असेल आणि वहीत बुडीत म्हणून लिहून टाकली असेल तरच. वजा होत नाहीत त्या गोष्टी: घरखर्च, स्वतःचा आयुर्विमा, भरलेला आयकर, कायदा मोडल्याचा दंड.

आणि ३१ मार्चला मालाची मोजदाद. हिच्यावाचून नफा काढताच येत नाही. यार्डात हळदीचा हंगाम तेव्हा भरात असतो, त्यामुळे टाळाटाळ होते. पण शिल्लक माल अंदाजाने टाकलेला ताळेबंद म्हणजे निव्वळ गंमत. खरेदीची किंमत आणि बाजारभाव यांत जी कमी असेल ती लावायची.

रोखीचे आकडे पाठ करा

एका दिवसात एका माणसाला दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्चच धरला जात नाही. बिल खरं असलं, माल खरा असला, तरी नाही. मालवाहतूकदाराला दिलेल्या भाड्यासाठी ही मर्यादा ३५ हजार आहे. यंत्र, फर्निचर असल्या खरेदीत दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तेवढ्या रकमेवर घसारा मिळत नाही. वीस हजार किंवा त्याहून जास्त उसने पैसे रोखीने घेऊ नयेत, मग ते सख्ख्या मामाकडून का असेना. आणि एका गिऱ्हाइकाकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारापोटी दोन लाख किंवा जास्त रोख घेतली, तर घेतली तेवढाच दंड.

शेतमालाला एक सवलत आहे. शेतकऱ्याकडून थेट हळद, बेदाणा घेतला आणि त्याला रोख दिली, तर दहा हजारांची अट आड येत नाही. मधल्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला ही सवलत नाही. म्हणून शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, दर आणि सही असलेली पट्टी जपून ठेवा, नाहीतर तो शेतकरी होता हे कशावरून?

ठोक नफा की खरा हिशेब

इथे थोडं थांबून आकडेमोड करायला हवी, कारण पुढची पाच वर्षं यावर ठरतात.

कलम ४४एडीनुसार छोट्या धंद्याला ठोक नफा दाखवता येतो. उलाढाल २ कोटींपर्यंत, आणि रोखीची आवक एकूण आवकेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. बँक आणि यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के, रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरायचा. मग तपशीलवार वह्या ठेवण्याची सक्ती नाही, ऑडिट नाही. अर्थात भाडं, घसारा वगैरे पुन्हा वेगळं वजाही करता येत नाही. ते त्या टक्क्यांत आलं असं धरतात.

आपल्या भडंगवाल्याची वर्षाची विक्री ३८ लाख, त्यात २४ लाख क्यूआरवर आणि १४ लाख रोख. २४ लाखांचे ६ टक्के १,४४,०००, १४ लाखांचे ८ टक्के १,१२,०००. ठोक नफा २,५६,०००. कर शून्य. सोपं आहे, म्हणून सगळे हेच करतात.

पण त्याच्या रोजमेळात नफा साडेसहा लाख दिसत असेल तर? कायद्यात ६ आणि ८ हे किमान आहेत. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवायचा. आणि दाखवल्याने बिघडतं काय? नव्या कर पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. अडीच लाख दाखवले तरी शून्य, साडेसहा दाखवले तरी शून्य. फरक पडतो तो बँकेत. घरकर्जाला किंवा वर्कशॉप वाढवायला गेलात की मॅनेजर तीन वर्षांची विवरणपत्रं मागतो आणि अडीच लाखांच्या उत्पन्नावर कर्ज बसवतो. नफा कमी दाखवायची आपल्या बाजारपेठेची जुनी खोड आता बहुतेकांना एक रुपयाही वाचवत नाही, कर्ज मात्र अडवते. माझ्या मते धंद्यात नव्याने पडणाऱ्याने समजून घ्यावी अशी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

एक गैरसमजही इथेच काढून टाकतो. "पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही" असं जे ऐकू येतं, ते पगारदारांचं. त्यांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट असते, धंद्याच्या उत्पन्नाला ती नाही. आपली रेषा १२ लाख. ती थोडीशी ओलांडली तर वरच्या रकमेपेक्षा जास्त कर लागू नये अशी सोय आहे. पण शेअर किंवा जमीन विकून झालेल्या भांडवली नफ्यावरचा विशेष दराचा कर या सवलतीत पुसला जात नाही.

खरा हिशेब कोणी निवडावा? ज्याचा नफा खरोखर ६-८ टक्क्यांच्या खाली आहे त्याने. वर्कशॉपवाल्याची वर्षाची उलाढाल ६० लाख, सगळी बँकेतून. ठोक नफा ३,६०,०००. पण नव्या मशीनचा घसारा, कर्जाचं व्याज आणि एका कारखान्याने काम कमी केल्याची झळ, यामुळे प्रत्यक्षात तोटा आहे. वह्या ठेवून मुदतीत विवरणपत्र भरलं, तर तो तोटा पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. ठोक नफ्याच्या वाटेने गेलात तर तोटा दाखवताच येत नाही.

मात्र एकदा ४४एडी घेऊन पुढच्या पाच वर्षांत कधी त्यापेक्षा कमी नफा दाखवलात, तर त्यानंतर पाच वर्षं ती सोय बंद, आणि उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या (ही १२ लाखांची रेषा नव्हे) वर असेल तर ऑडिटही करावं लागतं. त्यामुळे दरवर्षी सोयीप्रमाणे उड्या मारता येत नाहीत.

काहींना ४४एडी मुळातच नाही. मार्केट यार्डातले अडते, विमा एजंट, दलाल, म्हणजे कमिशनवर चालणारे सगळे बाहेर. मिरजेतले डॉक्टर, शिवाय वकील, आर्किटेक्ट, इंटिरियरवाले यांना ४४एडीए आहे. जमा ५० लाखांपर्यंत, रोखीची आवक ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, आणि निम्मी जमा नफा म्हणून धरायची.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू आहे आणि कलमांचे आकडे बदललेत. ४४एडी आणि त्याची भावंडं आता कलम ५८ मध्ये एकत्र आहेत. लोकांच्या तोंडी जुनेच आकडे आहेत, म्हणून इथेही तेच ठेवलेत.

जुनी पद्धत घ्यावी का?

बहुतेकांनी नको. ८०सीचे (विमा, पीपीएफ वगैरेंचे) दीड लाख, आरोग्य विमा, घरकर्जाचं व्याज या वजावटी जुन्या पद्धतीत आहेत, पण १२ लाखांच्या आत त्यांची गरजच उरत नाही. उत्पन्न त्याच्या बरंच वर असेल आणि घरकर्ज मोठं असेल, तरच दोन्हीकडून आकडेमोड करा. धंदेवाल्याला जुन्या पद्धतीत एकदा जाऊन परत नव्यात आलं, की पुन्हा जुनी घेता येत नाही. पगारदारासारखं दरवर्षी बदलणं आपल्याला नाही.

घरी शेती असेल तर

आपल्या जिल्ह्यात हे जवळजवळ प्रत्येकाला लागू आहे. दुकान विट्यात किंवा तासगावात आणि मागे दोन एकर द्राक्ष किंवा ऊस. शेती उत्पन्नावर आयकर नाही, पण ते विवरणपत्रात दाखवायचं असतं. शेती उत्पन्न ५ हजारांपेक्षा जास्त असेल, तर ठोक नफा दाखवणाऱ्यालाही विवरणपत्राचा सोपा फॉर्म आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. बाकी उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचा आकडा मिळवला जातो.

कारखान्याची ऊसबिलं, द्राक्ष-बेदाण्याच्या पट्ट्या, सातबारा, खतं-औषधांची बिलं एका वेगळ्या फायलीत ठेवा. दुकानाची विक्री शेतीत ढकलायचा सल्ला कट्ट्यावर फुकट मिळतो. दोन एकरांत वीस लाखांचा ऊस निघत नाही, हे अधिकाऱ्यालाही ठाऊक असतं.

वर्षभरातल्या तारखा

वर्षाचा कर टीडीएस वजा जाता १० हजार किंवा जास्त येणार असेल, तर आगाऊ कर भरायचा: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत पूर्ण. ४४एडीवाल्यांनी एकदाच, १५ मार्चपर्यंत. चुकलं तर महिन्याला एक टक्का व्याज.

व्यवसाय कराची नोंदणी स्वतःच्या नावाने करायची, वर्षाला २,५००. जीएसटी नोंदणी मालविक्रीत ४० लाख आणि सेवेत २० लाख उलाढालीच्या पुढे सक्तीची. आपल्या भडंगवाल्याची विक्री ३८ लाखांवर आहे, म्हणजे त्याने दर महिन्याला बेरीज बघत राहायला हवं.

जॉबवर्कवाल्यांचं बिल देताना कारखाने एक टक्का टीडीएस कापतात. तो पोर्टलवरच्या २६एएस या कापलेल्या कराच्या तक्त्यात दिसतो. कर शून्य असेल तर विवरणपत्र भरून तो सगळा परत मिळतो, भरलं नाही तर सरकारकडेच राहतो. तसंच, माल बनवणारे किंवा सेवा देणारे असाल तर बिलावर उद्यम क्रमांक छापा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर कारखान्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळतो. मार्चमध्ये वसुलीचा फोन करताना हे वाक्य कामाला येतं.

कागद कुठे आणि किती वर्षं

आठ वर्षं धरून चाला. आयकर आणि जीएसटी दोन्हींच्या मुदती त्यात बसतात.

कुठे, याचं उत्तर सांगलीत वेगळं आहे. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं. माल भिजला त्याचा विमा मागायला गेलेल्यांकडे मालाची खरेदी बिलंही भिजलेलीच होती. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. तो आकडा यायची वाट न पाहता जूनमध्येच पाकिटं पोटमाळ्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकाकडे न्या. दर महिन्याच्या बिलांचे फोटो आणि रोजमेळाची पानं ईमेलवर किंवा गुगल ड्राइव्हवर चढवा. बँकेचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये तिथेच. स्टॉकची यादीही महिन्याला एकदा टाका. विमा सर्व्हेअर पहिल्यांदा तीच मागतो.

पोर्टलवरून पत्र आलं तर

विवरणपत्र भरल्यावर कलम १४३(१)ची सूचना सगळ्यांनाच येते, ती नोटीस नव्हे. तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा शेजारी असतात, जुळले तर फाइल करून ठेवा. "विवरणपत्र सदोष" असं कलम १३९(९)चं पत्र आलं तर १५ दिवसांत दुरुस्त करून द्यायचं, नाहीतर ते भरलंच नाही असं धरलं जाऊ शकतं. एसएमएसमधल्या लिंकवर टिचकी मारू नका. पोर्टलवर स्वतः जाऊन लॉगिन करा, आयकर खात्याचं खरं पत्र तिथे दस्तऐवज क्रमांकासह दिसतं. पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना, हे आजच तपासा. विवरणपत्र भरून देणाऱ्याने स्वतःचा नंबर टाकलेला असतो, आणि पत्रं वर्षभर त्याच्याकडेच जात राहतात.